कलम सत्तावीस आणि सुकट

९ जानेवारी, गुरुवार

विमा एजंटाने दिलेली ही डायरी आठ दिवस कोरीच पडली होती. ही म्हणाली, "तुम्ही लिहीत नसाल तर मला द्या, दूधवाल्याचे खाडे मांडायला होईल." म्हणून आज घाईने बसलो.

कायद्याच्या पहिल्या कलमात संक्षिप्त नाव आणि व्याप्ती द्यायची पद्धत आहे, ती इथेही पाळतो. लिहिणार गुणाजी तावडे, वय एकोणसत्तर, निवृत्त. मंत्रालयात मसुदा शाखेत बत्तीस वर्षं काढली; म्हणजे कायदा मंत्री मांडायचे, टाळ्या आमदार वाजवायचे आणि वाक्यं मी लिहायचो. व्याप्ती: डोंबिवलीचं घर सोडून मुलाकडे बाळकुमला आल्यापासूनचा हा चौदावा मजला. भावेश जहाजावर असतो, सहा महिने तिकडे. घरात मी, ही आणि सूनबाई समिधा. समिधा ठाण्याच्या कोर्टात वकील आहे. घरात दोन कायदेवाले असल्यामुळे भाजी कुठली करायची यावरही दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात, आणि निकाल ही देते.

आज एक काम झालं. खाडीकाठी कुणीतरी मासळी सुकवतं, त्याचा वास आपल्या सोसायटीत येतो, अशी तक्रार ऑक्टोबरात अध्यक्ष विनीत दळवींच्या आग्रहावरून मीच सचिव या नात्याने लिहून दिली होती. आज अकरा वाजता खाडीकिनारा प्राधिकरणाचा कारकून वर आला. जागेवर नोटीस लावल्याच्या पंचनाम्यावर दोन पंच हवे होते. म्हणाला, "खाली ऊन फार आहे, साहेब. कागद तयारच आणलाय."

न वाचता सही करायची मला सवय नाही. वाचलं तर काय, 'नोटीस भिंतीवर डकवली,' एवढंच! भिंतीवर कुठे? कोपऱ्यात? मागच्या बाजूला? इतकं मोघम वाक्य बघून माझा हात शिवशिवला. मी स्वतःच्या अक्षरात 'सर्वांच्या सहज नजरेस पडेल अशा ठिकाणी' असं घातलं, समासात आद्याक्षरं केली आणि खाली सही ठोकली. कारकून खूश. "असा पंच मिळत नाही, साहेब," म्हणाला. दुसरा पंच म्हणून वॉचमन धोंडीबाला वर बोलावून घेतलं. त्याने माझी सही बघितली आणि आपली केली.

चहा, दोन खारी. हातून नीटनेटकं काम झालं की दुपारी झोप छान लागते.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. जनाबाई तिळगूळ घ्यायला आली, आज टोपलीशिवाय. एरवी आठवड्यातून दोनदा सुकट घेऊन येते. ती इथली जुनी कोळीण, आमच्या टॉवरच्या आधीची. हिची आणि तिची इतकी मैत्री की दोघी बोलायला बसल्या की मी माझा चहा स्वतः करतो. आमचं कोकणातलं पोट. कांदा, आमसूल घातलेली तिची सुकट आणि भाकरी असली की मी कुणाचंच म्हणणं ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नसतो.

ती सुकवते कुठे, हे मी कधी विचारलेलं नाही. विचारायचं कारणही पडलं नाही.

२७ जानेवारी, सोमवार

जनाबाई दुपारी आली ती कागद घेऊन. दारातच म्हणाली, "सायेब, तुमी मंत्रालयान होतांव ना? ह्यो कागद वाचा. मानूस आला, हातान दिला न् पलाला."

प्राधिकरणाचा आदेश होता. एकवीस दिवसांत खाडीकाठची मासळी सुकवण्याची जागा खाली करावी, नाहीतर सामान उचललं जाईल. कारण: रहिवाशांची तक्रार. 'नोटीस बजावूनही संबंधित इसम हजर राहिले नाहीत.' आणि शेवटी: 'कलम २७ अन्वये हा आदेश अंतिम असून कोणत्याही दिवाणी न्यायालयाला याबाबत कोणताही दावा दाखल करून घेण्याची अधिकारिता असणार नाही.'

डायरीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून लिहितो. ते वाक्य वाचल्यावर पहिल्यांदा मला अभिमान वाटला. कलम सत्तावीस माझं आहे. एकोणीस वर्षांपूर्वी तीन दिवस घासून लिहिलं होतं. वरचे साहेब म्हणाले होते, "गुणाजी, असं लिही की मुंगी शिरायला नको." तसंच लिहिलं. अजून टवटवीत आहे.

जनाबाई समोर उभी आहे हे त्यानंतर लक्षात आलं. "मना कोनी इचारला नाय, सायेब. माजी सासू तितंच सुकवायची. आता मी जाऊ कंय?"

मी सांगितलं, कोर्टात जाता येणार नाही, कायद्याने दार बंद आहे. ती म्हणाली, "दार हाय, मंग कडी पन आसंल ना?" मी म्हटलं, नाही, हे दार तसं नाही.

समिधा कोर्टातून नुकतीच आली होती. तिने पायातल्या चपलाही न काढता कागद घेतला. वाचला. "जनामावशी, वकीलपत्रावर अंगठा देणार की सही?" एवढंच विचारलं.

जागा जनाबाईची होती तर. तक्रारीत आम्ही जागा लिहिली होती, माणूस लिहिला नव्हता. मसुद्यात तसंच असतं.

२८ जानेवारी, मंगळवार

जेवताना समिधा कलम सत्तावीसवर घसरली. "कुणा महाभागानं लिहिलंय, बाबा! सरकारनं काहीही करावं आणि कोर्टानं डोळे मिटून बसावं. लिहिणाऱ्याला स्वतःच्या घरी असं चाललं असतं का?"

मी चष्मा पुसला. म्हटलं, "अगं, त्यामागे विचार असतो. प्रत्येक आदेशावर कुणी ना कुणी दावा लावून वीस वर्षं अडवून ठेवतो. मग खाडी साफ कधी व्हायची?"

"म्हणून ज्याची जागा जाते त्यानं गप्प बसायचं?"

"हायकोर्ट आहे ना. ते दार कुठल्या विधिमंडळाला बंद करता येत नाही, हे आम्हालाही माहीत होतं."

"आम्हाला?"

"म्हणजे विभागाला," मी म्हणालो आणि ताक मागितलं. ही माझ्याकडे बघत होती. हिला कलमांचे आकडे कळत नाहीत, पण मी जेवणाच्या मध्येच ताक मागत नाही हे तिला चांगलं कळतं.

समिधाचं म्हणणं असं की जनाबाईला ऐकूनच घेतलं नसेल, तर तो आदेश आदेशच नाही आणि मग सत्तावीसचं कुलूप लागतच नाही. इथल्याच कोर्टात दावा चालेल. हायकोर्टात गेलं तर ते म्हणतील, नोटीस लागली की नाही याचा पुरावा खालीच घ्या. मुलगी हुशार आहे. मला हे ठाऊक होतं. मसुदा वाचताना साहेबांनी विचारलंच होतं, "नोटीस न देताच आदेश काढला तर?" मी म्हटलं होतं, "असं कसं होईल, साहेब? नोटीस तर देणारच."

म्हणून मी तिला शांतपणे सांगितलं, "पण नोटीस दिल्याचं आदेशात लिहिलंय." आणि मग एकाएकी माझं जेवणावरून मन उडालं. पित्त असावं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पित्त नव्हतं.

समिधाने प्राधिकरणाच्या फायलीच्या नकला काढून आणल्या. संध्याकाळी डायनिंग टेबलावर पसरून बसली होती. मी पाणी प्यायला गेलो तर पंचनामा वरच. समासातली माझी आद्याक्षरं मला लांबून दिसली. 'सर्वांच्या सहज नजरेस पडेल अशा ठिकाणी' हे शब्द माझ्या तरी सहज नजरेस पडले.

समिधा काही ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "बाबा, तुम्ही गेला होतात तिथे?"

मी म्हणालो, "पंचनाम्यात आहे तेच."

"तुमचा गुडघा. लिफ्ट बंद असली की तुम्ही सोसायटीच्या मीटिंगला जात नाही. खाडीपर्यंत गेलात?"

मी पुन्हा म्हणालो, "पंचनाम्यात आहे तेच." ती बराच वेळ कागद लावत बसली. मी बाल्कनीत जाऊन कुंड्यांना पाणी घातलं. सकाळी हिने घातलेलंच होतं.

इथे लिहून ठेवतो. मी गेलो नव्हतो. ही गोष्ट अजून कुणालाही सांगितलेली नाही. बत्तीस वर्षांत माझ्या मसुद्यातला एक स्वल्पविराम परत आला नाही. आता लोक म्हणणार, तावडे न बघता सही करतात. समिधाला दुसरा काहीतरी मार्ग सापडेल. वकिलांना सापडतो.

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी गेटवर धोंडीबाला गाठलं. म्हटलं, तू गेला होतास का नोटीस लावताना? तो म्हणाला, "मी कशाला जातोय साहेब, गेट सोडून? तुम्ही सही केलेली ना, म्हणून मी केली. मला वाटलं तुम्ही जाऊन आलेले."

मला वाटत होतं, मी कागद नीट केला, म्हणजे काम नीट झालं. आणि धोंडीबाला वाटत होतं, मी सही केली, म्हणजे मी बघितलं. त्याला काय बोलणार? तो रजिस्टर उघडून बसला होता, येणाऱ्याचं नाव स्वतः बघून लिहितो.

मग काय वाटलं कोण जाणे, रिक्षा केली आणि खाडीवर गेलो. गुडघ्याने रस्ताभर विरोध नोंदवला.

जनाबाई जमिनीवर जाळी अंथरून जवळा पसरत होती. चार बांबू, वर जुनं जाळं कावळ्यांसाठी, एक पाण्याचा पिंप. बस्स. मी सगळीकडे बघितलं.

"जनाबाई, इथे भिंत कुठे आहे?"

"भित? भित कशाला सायेब? वारा कंशी येनार?"

भिंतच नाही. मी ज्या भिंतीवर सर्वांच्या सहज नजरेस पडेल अशी जागा शोधून दिली होती, ती भिंतच नाही. कारकुनानेही इथे पाय ठेवला नसणार. तोही घरी बसूनच लिहीत होता, आणि मी त्याचं वाक्य नीट करून दिलं.

तिने मला पिंपावर बसवलं, पाणी दिलं. "तुमी आलांव ते बरा केलाव. पोरगी बोलली, केस होनार. तुमी मंत्रालयातले, तुमच्या घरान मानसाला न्याय मिलनारच." मला त्या पिंपात शिरावंसं वाटलं.

घरी येऊन समिधाला सांगितलं. सगळं. कलम कुणी लिहिलं तेही. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कलमाचं मला अठ्ठावीस तारखेलाच कळलं होतं, बाबा. विभागाला कुणी 'आम्ही' म्हणत नाही."

११ फेब्रुवारी, मंगळवार

शपथपत्र लिहितोय. तीन दिवस झाले. नऊ मसुदे झाले. पहिला साडेतीन पानांचा होता, त्यात सुरुवातीला 'प्रचलित प्रशासकीय पद्धती व तत्कालीन परिस्थिती विचारात घेता' असं होतं. समिधाने वाचून विचारलं, "यात तुम्ही गेला नव्हतात हे कुठल्या पानावर आहे?"

नव्या मसुद्यात ते दुसऱ्या पानाच्या शेवटी आणलं. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या वतीनं लिहिलंत, एकदा स्वतःच्या वतीनं लिहायचं तर किती कळा!"

शेवटी समिधाने पेन घेतलं आणि चार ओळी लिहिल्या. 'मी जागेवर गेलो नव्हतो. पंचनामा तयार होता. मी त्यात शब्द घातले आणि घरी बसून सही केली. नोटीस लावताना मी पाहिलेली नाही, आणि त्या जागेवर भिंत नाही.'

मी म्हटलं, "भाषा फार उघडी आहे."

"हो," ती म्हणाली. "सही इथे करा. आधी वाचा."

वाचली. यात घालण्यासारखं काही सापडलं नाही. सही केली. अक्षर वाचता येतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

कोर्ट. गर्दी इतकी की आमचा नंबर लागेपर्यंत हिने दिलेले पोहे कोर्टाच्या आवारातल्या बाकावर बसून संपवले. जनाबाई जरीच्या लुगड्यात आली होती, लग्नाला आल्यासारखी.

सरकारी वकील उभे राहिले आणि त्यांनी सरळ कलम सत्तावीस काढलं. "मॅडम, दिवाणी न्यायालयाला अधिकारिताच नाही. कायदा स्वच्छ आहे." आणि त्यांनी ते संथपणे, प्रत्येक शब्दावर थांबत वाचलं. इतकं चांगलं वाचन मी विधानसभेतसुद्धा ऐकलं नव्हतं. मी मान डोलावत होतो. समिधाने मागे वळून माझ्याकडे असं बघितलं की मान जागच्या जागी थांबली.

मग तिने माझं शपथपत्र पुढे केलं. न्यायाधीश बाई तरुण आहेत, समिधाच्याच वयाच्या असतील. त्यांनी ते वाचलं, पंचनाम्याशी ताडून बघितलं. "हे पंच हजर आहेत?" मी उभा राहिलो.

"समासातलं अक्षर तुमचं?"

"हो."

"सर्वांच्या सहज नजरेस पडेल अशा ठिकाणी. तुम्ही पाहिलेलं नसताना हे कसं लिहिलंत?"

मी म्हणालो, "वाक्य अपुरं वाटलं, मॅडम."

कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "वाक्य पुरं झालं, पण एका बाईची जागा जायची वेळ आली. वयाकडे बघून आज एवढंच बोलते." त्या बरोबर बोलल्या. मला शाळेत कधी उभं केलं नव्हतं. ते राहून गेलं होतं, आज झालं.

मग त्या सरकारी वकिलांना म्हणाल्या, "ऐकून न घेता दिलेल्या आदेशाला तुमचं सत्तावीस कसं झाकणार?" त्यांनी कुजबुजत प्राधिकरणाच्या माणसाशी बोलून घेतलं आणि सांगितलं, आदेश मागे घेतो, रीतसर नोटीस देऊन सुनावणी घेतो. तोपर्यंत जागेला हात लावायचा नाही, असं बाईंनी लिहून घेतलं.

समिधा जिंकली. मुंगी शिरली. मला आनंद झाला, आणि थोडंसं वाईटही वाटलं, हेही लिहून ठेवतो.

बाहेर आल्यावर जनाबाईने समिधाच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मग माझ्याकडे वळली. मराठीतच चाललं होतं सगळं, तिला कळलं होतं. "सायेब, ती सही तुमची होती?"

"हो."

"न् त्या दिवशी पिंपावर बसलांव, मी पानी दिला, तवा नाय बोललांव."

ती रिक्षाने एकटी निघून गेली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दळवींनी तातडीची सभा घेऊन मला सचिवपदावरून काढलं. ठराव इतका ढिसाळ लिहिला होता की माझा हात शिवशिवला. खिशात घालून ठेवला.

जनाबाई आली होती. वर आली नाही. ही खाली गेटवर जाऊन सुकट घेऊन आली आणि मला म्हणाली, "तिनं सांगितलंय, ही वैनीची. सायबाला द्यायची नाय."

"मग?"

"मग काय, मी शब्द दिलाय."

ही गंमत करतेय असं वाटलं. पानात पडवळाची भाजी आली. समोर बसून दोघी सासू-सुना सुकट-भाकरी खात होत्या आणि मुद्दाम बोटं चाटत होत्या.

१२ मार्च, बुधवार

आज प्राधिकरणाच्या कार्यालयात सुनावणी. या वेळी नोटीस जनाबाईच्या हातात दिली, तिच्याकडून सही घेऊन. तक्रारदार सोसायटीलाही बोलावलं होतं. दळवी लॅपटॉप घेऊन आले आणि वासावर पाऊण तास बोलले. वाऱ्याची दिशा, आलेख, मुलांचं आरोग्य. अधिकाऱ्याने सगळं ऐकून घेतलं, एकदाही अडवलं नाही. कोर्टाचा धसका चांगला बसलेला दिसला.

मग जनाबाईला विचारलं. ती उभी राहिली. "सायेब, ह्यांची बिल्डिंग कवा आली?"

दळवी म्हणाले, "सात वर्षं झाली."

"वास माज्या सासूच्या टायमापासून हाय. मंग आदी कोन आला?"

अधिकाऱ्याने खाली बघून काहीतरी लिहिलं. नंतर तक्रारीचा कागद काढला. "हे तावडे कोण? तक्रार तुम्ही लिहिलीत? 'असह्य दुर्गंधी' असं आहे."

मी म्हणालो, "तसं लिहायची पद्धत आहे, साहेब. सौम्य शब्द घातला तर कागद टेबलावरून हलत नाही."

"मग प्रत्यक्षात वास कसा आहे?"

दळवी माझ्याकडे बघत होते. मी सत्य सांगितलं. "वारा खाडीकडून असला तर येतो. तसा आला की मला भूक लागते. गेले तीन आठवडे तर फारच लागते."

अधिकारी हसला. जनाबाई नाही हसली. पण जाताना तिने माझ्याकडे एकदा बघितलं.

२ एप्रिल, बुधवार

निकाल आला. तक्रार फेटाळली. जागा जनाबाईकडेच राहणार. फक्त टॉवरच्या बाजूला चार बांबूंची आडोशाची जाळी लावायची. समिधाने फोनवर सांगितलं तेव्हा ही देवापुढे साखर ठेवायला गेली. मी डोळे पुसले. कुंड्यांची धूळ गेली असेल असं लिहिणार होतो, पण नाही. बरं वाटलं म्हणून पुसले.

संध्याकाळी दळवी आले. मला काढून टाकल्यापासून पहिल्यांदाच. सोफ्याच्या कडेवर बसले. "तावडेसाहेब, झालं गेलं विसरा. आपण याच्यावर कोर्टात जाऊ. तुम्ही मसुदा करा."

मी निकालाचं शेवटचं पान उघडून त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं. "कोणत्याही दिवाणी न्यायालयाला... म्हणजे जाताच येणार नाही?"

"नाही."

"पण त्या बाईला जाता आलं!"

"तिला ऐकून घेतलं नव्हतं. तुम्हाला पाऊण तास ऐकलंय, लॅपटॉपसकट. हायकोर्टात जाऊ शकता. तिथेही पहिल्यांदा हेच विचारतील."

त्यांचा चेहरा लाल झाला. "हा काय कायदा आहे? लोकांनी दाद कुठे मागायची? असलं कलम लिहितो तरी कोण?"

आणि मला ते कलम इतकं गोड वाटलं, इतकं न्याय्य, की मला स्वतःचीच भीती वाटली. जानेवारीत जनाबाई समोर उभी होती तेव्हाही ते असंच गोड वाटलं होतं.

"मी," मी म्हणालो.

दळवी खो-खो हसत सुटले. "तुम्ही पण ना, तावडेसाहेब! बरा विनोद केलात." हसतच उठले आणि लिफ्टकडे गेले.

दारात जनाबाई उभी होती. दोन महिन्यांनी वर आली होती, टोपलीत पेढे आणि सुकटीची पिशवी घेऊन. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती हसत नव्हती.

"खरंच तुमी लिवलाव ते?"

"हो. एकोणीस वर्षांपूर्वी."

"न् सही पन तुमची. न् तक्रार पन तुमची."

"हो. तीही."

ती आत आली. पेढ्यांचा पुडा हिच्या हातात दिला. मग टेबलावर पिशवी ठेवून तिने ती सोडली आणि तीन मुठी सुकट काढून परत आपल्या टोपलीत टाकली. एक सहीची, एक तक्रारीची, एक कलमाची, असं मोठ्याने म्हणत.

"ह्यो दंड. वैनी, ह्याच्यावर कोनी काय बोलायचा नाय."

मी म्हणालो, "अहो जनाबाई, असं कसं? आधी माझं म्हणणं तरी ऐकून घ्या."

तिचा हात थांबला. तिने टोपली खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसली. पदर नीट केला. "बोला, सायेब."

ही आणि समिधा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी तोंड उघडलं. काय काय आठवून बघितलं: प्रचलित पद्धत, साहेबांचा आदेश, ऊन, गुडघा. तिच्यासमोर म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं.

तिने घाई केली नाही. चांगली वाट बघितली. मग विचारलं, "झाला?"

"झालं," मी म्हणालो.

तिने उरलेल्या पिशवीची गाठ मारली आणि ती माझ्या हातात दिली.